तेरापैकी तेरा : कॉलेज फुटबॉल प्लेऑफ निवड समितीस खुले पत्र

टॅलाहासी, फ्लोरिडा
१२ डिसेंबर २०२३

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
कॉलेज फुटबॉल प्लेऑफ निवड समिती,
टेक्सस

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितोय. इंग्रजीतली पत्रं गेल्या आठवड्यात तुमच्याकडे पोत्यानं आली असतील. आमचे सेनेटर रिक स्कॉट यांचंही एक आलं, आणि त्याचं काय झालं ते दिसतंच आहे. मराठीत लिहिण्याचं खरं कारण मात्र माझे वडील, आबा. ते कोल्हापूरला असतात. त्यांचा फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमवरचा, गोल चेंडूचा, पाटाकडील आणि दिलबहार या संघांचा. आमचा हा लांबट चेंडूचा, शिरस्त्राण घालून अंगावर जायचा प्रकार त्यांनी गेली चोवीस वर्षं केवळ माझ्यासाठी सहन केलाय. देशाचा विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमधून आमच्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाला वगळायचा तुमचा निर्णय आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

‘आरं, किती हरली तुमची पोरं?’

‘एकपण नाही, आबा. तेरा खेळली, तेरा जिंकली.’

‘मग भाईर कशी काय काढली?’

मी अर्धा तास समजावत होतो. शेवटी ते म्हणाले, ‘तुला तरी कळलंय का?’ नव्हतं कळलं. म्हणून हे पत्र.

आधी माझा संबंध सांगतो. १९९९च्या ऑगस्टमध्ये दोन बॅगा घेऊन मी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला आलो. त्या वर्षी प्रशिक्षक बॉबी बाउडन यांचा इथला संघ पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत अव्वल होता. पहिल्या शनिवारी डोक कॅम्बेल स्टेडियममध्ये बसलो तेव्हा मला एक नियम कळत नव्हता, पण पेठेपेठेच्या ईर्षेत वाढलेल्या माणसाला गर्दीचा आवाज कळतो. तेव्हापासून मी इथलाच झालो. धाकटी मुलगी आज त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं. त्यात यंदा प्रत्येक सामन्याचा निकाल तिनं त्या त्या तारखेच्या चौकटीत लाल पेनानं लिहिला आहे. ३ सप्टेंबर, लुइझियाना स्टेट, ४५-२४. गौरी-गणपतीच्या आठवड्यात क्लेमसनमध्ये जादा वेळेत ३१-२४. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मायामी, २७-२०. अशा तेरा चौकटी.

मराठी वाचकांसाठी इथे जरा थांबतो, समितीनं वाटल्यास हा परिच्छेद सोडावा. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या विभागात १३३ संघ आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात सामने जेमतेम बारा. म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. म्हणून संघ गटागटांत वाटलेले, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. त्यातली मोठी पाच, आणि आमची त्यांपैकी एक, एसीसी. प्रत्येक कॉन्फरन्सचा विजेता मैदानावर ठरतो. देशाचा विजेता ठरवायला मात्र चारच संघ घेतात, आणि ते चार गुणतक्त्यावरून ठरत नाहीत. तेरा जण टेक्ससमधल्या एका हॉटेलात बंद दाराआड बसून ते ठरवतात. पाच मोठ्या कॉन्फरन्स आणि जागा चार, हे २०१४ पासून असंच चालू आहे. कुणीतरी एक बाहेर राहणारच. पण मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता एकही सामना न हरता बाहेर राहिला, असं या दहा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. ते तुम्ही ३ डिसेंबरच्या दुपारी केलंत.

काय केलंत ते एकदा नीट मांडतो.

१८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध आमच्या जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. तो आमचा क्वार्टरबॅक. प्रत्येक डाव ज्याच्या हातातून सुरू होतो, तो खेळाडू. स्टेडियममध्ये ऐंशी हजारांच्या आसपास माणसं बसतात, त्या क्षणी एखाद्याचं मूल रडलं असतं तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं. त्यानंतर दुसऱ्या फळीतला टेट रोडमेकर उभा राहिला आणि गेन्सव्हिलला जाऊन, आमच्या सख्ख्या वैऱ्याच्या घरात, आम्ही फ्लोरिडाला २४-१५ हरवलं. त्या सामन्यात रोडमेकरच्या डोक्याला मार बसला. मग २ डिसेंबरला शार्लटमध्ये एसीसीच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या फळीतला, पहिल्याच वर्षाचा ब्रॉक ग्लेन. लुइव्हिल तुमच्याच यादीत चौदावं होतं. आम्ही १६-६ जिंकलो.

देखणं नव्हतं. मी स्वतः दोनदा टीव्हीसमोरून उठून गेलो. पण आमच्या बचावफळीनं त्या दिवशी लुइव्हिलला सगळा सामना मिळून २०० यार्डसुद्धा पुढे सरकू दिलं नाही. खासबागेत कुस्ती बघत मोठा झालेला माणूस आहे मी. तिथं कुस्ती निकाली झाली की झाली. पाठ टेकली की पंच हात वर करतो. ‘डाव काही सुबक नव्हता, आणि तुझा खांदाही दुखावलेला दिसतोय, पुढच्या जोडीत तुझा निभाव लागायचा नाही, तेव्हा गदा दुसऱ्याला देतो’ असं म्हणणारा पंच तिथं मैदानाबाहेर चालत गेला नसता. उचलून नेला असता.

आता तक्रारी.

पहिली, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. तुमचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनी सांगितलं की पहिल्या अकरा आठवड्यांतला फ्लोरिडा स्टेट आणि आताचा फ्लोरिडा स्टेट हे वेगळे संघ आहेत. ठीक. मग २८ नोव्हेंबरच्या मंगळवारी काय झालं होतं? ट्रॅव्हिसचा पाय मोडून दहा दिवस झाले होते. तो परत येणार नाही हे सगळ्या देशाला माहीत होतं. त्या मंगळवारच्या साप्ताहिक क्रमवारीत तुम्ही आम्हाला चौथ्या क्रमांकावर ठेवलंत. अलाबामा आठव्या क्रमांकावर होतं. चार दिवसांनी आम्ही आणखी एक सामना जिंकलो, तोही क्रमवारीतल्या संघाविरुद्ध, तोही कॉन्फरन्सचं विजेतेपद देणारा. आणि पाचव्या क्रमांकावर गेलो, चौथी जागा अलाबामाला. त्या चार दिवसांत नवीन काय कळलं? एवढंच, की आमचा तिसरा क्वार्टरबॅकही जिंकून देतो.

तुम्ही म्हणाल, दर आठवड्याला आम्ही कोरी पाटी घेऊन बसतो. हे तुमचं नेहमीचं उत्तर आहे आणि ऐकायला बरं वाटतं. मग दर मंगळवारी टीव्हीवर ती आधीची पाटी कशासाठी दाखवता? पाच मंगळवार देशाला सांगायचं की हा क्रमांक, हा क्रमांक, आणि सहाव्या वेळी म्हणायचं की त्या क्रमांकांना अर्थ नव्हता. दुकानदारानं भाव लिहिलेली पाटी बाहेर लावावी आणि गल्ल्यावर दुसराच भाव सांगावा, तसलं हे.

दुसरी तक्रार त्या कलमाची. मी तुमची नियमावली वाचली. कॉन्फरन्सचं विजेतेपद, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, आमनेसामनेचा निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, हे सगळं तिथं आहे आणि रास्त आहे. त्याच्याखाली एक ओळ आहे की महत्त्वाचे खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसल्यानं संघाच्या हंगामातल्या कामगिरीवर परिणाम झाला असेल, किंवा पुढच्या सामन्यांवर होण्याची शक्यता असेल, तर तेही ध्यानात घ्यावं. म्हणजे तुम्ही नियम मोडला असं मला म्हणता येत नाही. माझं भांडण नियमाशीच आहे. या ओळीचा पहिला अर्धा भाग समजतो. एखादा संघ मुख्य खेळाडूशिवाय एक सामना हरला आणि तो खेळाडू परत आला, तर त्या पराभवाकडे जरा उदारपणे बघावं. दुसरा अर्धा भाग म्हणजे पंचांग बघणं. जो सामना झालाच नाही, त्याचा निकाल आधी लावायचा आणि त्यावरून झालेले तेरा निकाल खोडायचे.

बरं, पंचांग तरी नीट बघितलं जातं का? २०१४ साली, याच प्लेऑफच्या पहिल्या वर्षी, ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले. तिसरा कार्डेल जोन्स. त्यानं कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ५९-० लोळवलं, तुम्ही त्यांना पाचव्यावरून चौथ्यावर घेतलंत, आणि ते अलाबामाला ४२-३५ आणि ऑरेगनला ४२-२० हरवून देशाचे विजेते झाले. ५९-० आणि १६-६ यांत फरक आहे, मान्य. पण तो संघ व्हर्जिनिया टेककडून एकदा हरलेला होता, हेही तितकंच खरं. तिसऱ्या फळीतला पोरगा काय करेल हे तेरा माणसांना हॉटेलात बसून कळत नाही, एवढं तरी त्या वर्षी सिद्ध झालं होतं.

ट्रॅव्हिसनं निर्णयानंतर जे लिहिलं ते तुमच्यापैकी कुणी वाचलं का? माझा पाय हंगामात आधीच मोडायला हवा होता, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा किती मोठा आहे हे लोकांना दिसलं असतं, अशा अर्थाचं. तेवीस वर्षांचा मुलगा, पायाला प्लास्टर, आणि सहकाऱ्यांची माफी मागतोय. माझ्या मुलीनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी पाणी प्यायला उठलो.

तिसरी तक्रार ‘सर्वोत्तम’ या शब्दाची. तुम्हाला सांगितलेलं काम सर्वोत्तम चार संघ निवडायचं, हक्काचे चार नव्हे, असं तुमची बाजू घेणारे दहा दिवस टीव्हीवर सांगतायत. सर्वोत्तम कसं ओळखायचं? अलाबामा घरच्या मैदानावर टेक्ससकडून ३४-२४ हरलं. पुढच्याच आठवड्यात साउथ फ्लोरिडाविरुद्ध अडखळत १७-३ जिंकलं. ऑबर्नमध्ये शेवटच्या मिनिटात, शेवटच्या संधीला, ३१ यार्डांवरून टचडाऊन बसला (म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार गेला) म्हणून वाचलं. मग जॉर्जियाला २७-२४ हरवलं, आणि तो विजय मोठाच होता; जॉर्जिया तोवर पहिल्या क्रमांकावर होतं. मी अलाबामाला कमी लेखत नाही. आम्ही ज्या लुइझियाना स्टेटला ४५-२४ हरवलं, त्यांच्या जेडन डॅनियल्सला परवा हाइझमन ट्रॉफी मिळाली, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूची. तो विजयसुद्धा मोठाच. एकाचा मोठा विजय शेवटच्या शनिवारी झाला, दुसऱ्याचा पहिल्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यातला विजय शेवटी निम्म्या किमतीचा होणार असेल तर तसं आधी सांगा, म्हणजे सप्टेंबरमध्ये कुणी तगड्या संघाशी सामना ठरवणार नाही.

खरी गोम काय झाली ते कोल्हापुरातल्या कुठल्याही चहाच्या गाड्यावरचा माणूस सांगेल. मिशिगन आणि वॉशिंग्टन अपराजित, त्यांना हात लावता येत नव्हता. अलाबामाला घ्यायचं तर टेक्ससला घ्यावंच लागणार, कारण टेक्ससनं त्यांना त्यांच्या घरात हरवलेलं. दोघं आले की चार भरले. आणि अलाबामाला न घ्यावं तर त्यांच्या एसईसी या कॉन्फरन्सचा एकही संघ प्लेऑफमध्ये नाही, जे आजवर कधीच घडलेलं नाही. यात काही कट होता असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि तुमचे अध्यक्ष स्वतः आमच्याच एसीसीतल्या विद्यापीठाचे क्रीडासंचालक आहेत. पण दार बंद ठेवलं की लोक बाहेर उभं राहून तर्क करतात. उपांत्य फेरीत गेलेल्या प्रत्येक संघामागे त्याच्या कॉन्फरन्सला ६० लाख डॉलर मिळतात. एवढा पैसा आणि इतकी गुप्तता एका खोलीत असली की संशय बोलावणं धाडायच्या आधीच येऊन बसतो.

चौथी गोष्ट थोडक्यात. याच हंगामात पॅक-१२ ही १९१५ पासूनची कॉन्फरन्स फुटली. दहा विद्यापीठं पैशाच्या आणि टीव्हीच्या मागे निघाली, मागे राहिली दोन, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. आमच्याकडेही एसीसी सोडायची कुजबुज ऑगस्टपासून आहे. मी त्या विरोधात होतो. कॉन्फरन्स म्हणजे शेजार. शेजार पैशासाठी बदलत नाहीत, असं मी मित्रांशी वाद घालून सांगायचो. ३ डिसेंबरनंतर माझ्याकडे उत्तर उरलेलं नाही. ही कॉन्फरन्स तेरापैकी तेरा जिंकूनही पुरत नसेल, तर सोडा म्हणणाऱ्यांना चूक कसं म्हणू?

आता स्वतःच्या अंगणातलंही बोलायला हवं. २०१७ साली आमच्याच राज्यातलं, ऑरलँडोचं सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ एकही सामना न हरता तुमच्या यादीत बाराव्या क्रमांकावर राहिलं. नंतर त्यांनी ऑबर्नला ३४-२७ हरवलं, आणि त्याच ऑबर्ननं त्या हंगामात जॉर्जिया आणि अलाबामा दोघांनाही हरवलेलं होतं. त्यांनी स्वतःला देशाचा विजेता जाहीर करून मिरवणूक काढली तेव्हा आम्ही टॅलाहासीकर पोट धरून हसलो. मीही हसलो. लहान कॉन्फरन्स, सोपे सामने, काय बोलता. यंदाही लिबर्टी नावाचा संघ तेरापैकी तेरा जिंकून तेविसावा आहे आणि त्यांच्यासाठी मी पत्र लिहायला बसलो नव्हतो. प्रतिस्पर्धी किती तगडे हे बघायला हवं, यावर माझं मत आजही तेच आहे. पण ते हसू आता घशात अडकतं.

आमचे गव्हर्नर डीसँटिस यांनी या प्रकरणात कोर्टात जायचं झालं तर म्हणून सरकारी अंदाजपत्रकात दहा लाख डॉलर सुचवलेत. या राज्यात कर भरणारा म्हणून मी स्पष्ट सांगतो, मला ते नको. खेळाचा निकाल न्यायाधीशानं लावणं हे समितीनं लावण्यापेक्षा वाईट. यंदाचे चार बदला अशीही माझी मागणी नाही. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामाच्या पोरांनी काही गुन्हा केलेला नाही, त्यांना १ जानेवारीला सुखानं खेळू द्या.

माझ्या मागण्या अशा :

१. ‘पुढच्या सामन्यांवर परिणाम होण्याची शक्यता’ हे शब्द नियमावलीतून काढा. जे झालं त्यावर निवड करा.

२. शेवटच्या क्रमवारीत प्रत्येक सदस्यानं काय मत दिलं ते नावानिशी छापा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत मत देणाऱ्या पत्रकारांची मतपत्रिका कुणालाही बघता येते. (त्यांनी या आठवड्यात आम्हाला चौथं ठेवलंय, अलाबामाला पाचवं.) प्रशिक्षकांच्या क्रमवारीतली शेवटची मतंही जाहीर होतात. तुमचीच तेवढी गुप्त का?

३. जिंकलेला संघ खाली सरकवलात तर त्याचं कारण लेखी द्या. चार ओळी चालतील. टीव्हीवर अध्यक्षांना दोन मिनिटं उभं करणं म्हणजे कारण देणं नव्हे. हे जमणार नसेल तर मंगळवारचे कार्यक्रम बंद करा आणि थेट शेवटी एकदाच यादी द्या.

४. कुठल्या निकषाला किती वजन, हे पुढच्या ऑगस्टच्या आत, पहिला चेंडू उडायच्या आधी ठरवून जाहीर करा. पुढच्या वर्षी चारचे बारा संघ होणार आहेत आणि त्यात सहा जागा कॉन्फरन्स विजेत्यांना ठेवल्या आहेत. चांगलं आहे. पण भांडण मिटणार नाही, चौथ्या-पाचव्या क्रमांकावरून बाराव्या-तेराव्यावर जाईल एवढंच. तेव्हाही हीच खोली आणि हेच दार असेल.

५. तुमच्यापैकी कुणीतरी एकानं टॅलाहासीला यावं. पत्रकार परिषद नको, कॅमेरे नकोत. खेळाडूंच्या खोलीत बसावं आणि त्या मुलांना समोरासमोर सांगावं. त्यांनी यादी जाहीर होताना टीव्ही बघितला आणि सगळ्या देशानं त्यांचे चेहरे बघितले. उलट्या बाजूनंही एकदा बघितलं जावं.

आणखी एक विनंती आहे, मागणी नव्हे. ३० डिसेंबरला ऑरेंज बाऊल या प्लेऑफबाहेरच्या, हंगामाअखेरच्या सामन्यात आमची गाठ जॉर्जियाशी आहे. ज्यांचं विजेतेपदाचं स्वप्न हॉटेलात संपलं, त्यांतले काही जण व्यावसायिक खेळाच्या तयारीसाठी, काही दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी त्या आधीच निघून जातील अशी चिन्हं आहेत. त्यांना मी दोष देत नाही. त्या दिवशी मैदानावर उतरेल तो संघ तेरा सामने जिंकलेला संघ नसेल. निकाल काहीही लागो, आम्ही कितीही वाईट हरलो तरी, तो तुमच्या निर्णयाचा पुरावा म्हणून दाखवू नका.

आपला,
टॅलाहासीचा एक कोल्हापूरकर

ता. क. : आबांनी विचारलंय, जॉर्जियाचा सामना तिकडं किती वाजता दिसेल. पहाटे अडीचला, असं सांगितलं. गजर लावतो म्हणाले. मुलीनं कालनिर्णयातली ३० तारखेची चौकट अजून कोरी ठेवली आहे.